दह्याची वाटी आणि प्राध्यापक मेचनिकॉव्ह

आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर एक विषय रोज हटकून निघतो. तो म्हणजे पोट. कुणाला सकाळी साफ होत नाही, कुणाला जेवलं की गॅस धरतो, कुणाला अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यापासून पूर्वीसारखं वाटत नाही. मग एक जण खिशातून कॅप्सूलची पट्टी काढून दाखवतो. दुसऱ्यांच्या सुनेनं फ्रिजमध्ये छोट्या बाटल्या आणून ठेवलेल्या असतात. तिसऱ्या काकूंचं म्हणणं, घरच्या दह्यापुढे हे सगळं थोतांड. वाद काही मिटत नाही आणि चहा गार होतो.

स्मरणिका समितीनं मला आरोग्यावर काहीतरी लिहायला सांगितलं. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, डॉक्टर नाही. म्हणून उपदेश करण्यापेक्षा, पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं हे वेड ज्या माणसापासून सुरू झालं, त्याची गोष्ट सांगावी असं ठरवलं. इल्या इल्यिच मेचनिकॉव्ह हे त्यांचं नाव. फ्रान्समध्ये ते एली मेचनिकॉव्ह म्हणून ओळखले जात.

हट्टी मुलगा

त्यांचा जन्म मे १८४५ मध्ये, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या आणि आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळच्या खेड्यात झाला. वडील लष्करात अधिकारी होते. पाच भावंडांत हे शेंडेफळ. लहानपणापासून झाडं, किडे, डबक्यातले जीव यांचा नाद. मोठं होऊन डॉक्टर व्हायचा विचार होता, पण आईनं मोडता घातला. मुलगा फार हळवा, रोग्यांचं दुःख याला सोसणार नाही, असं तिला वाटलं. म्हणून ते प्राणिशास्त्राकडे वळले. खारकीव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला, आणि जर्मनीत, इटलीत जाऊन समुद्रातल्या लहान जीवांची वाढ कशी होते याचा अभ्यास केला. बावीस-तेवीसाव्या वर्षी ते ओडेसाच्या विद्यापीठात शिकवायला लागले. काही विद्यार्थी तर वयानं त्यांच्याहून मोठे होते.

आईनं ओळखलं होतं ते खरंच होतं. माणूस बुद्धीनं जेवढा तल्लख, मनानं तेवढाच हळवा. १८६९ मध्ये त्यांनी ल्युडमिलाशी लग्न केलं, तेव्हा तिला क्षयानं इतकं ग्रासलं होतं की लग्नासाठी चर्चमध्ये तिला खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागलं. चार वर्षं त्यांनी तिच्यासाठी धावपळ केली, उबदार हवेच्या गावी नेलं, पण १८७३ मध्ये मदीरा बेटावर ती गेली. मेचनिकॉव्ह पार खचले. त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवायचा प्रयत्न केला आणि त्यातून ते वाचले. पुढे १८७५ मध्ये ओल्गाशी लग्न झालं. तिला १८८० मध्ये टायफॉइडनं गाठलं. ती बरी झाली, पण त्या काळजीनं आणि विद्यापीठातल्या राजकारणानं ते पुन्हा एकदा त्याच काठावर जाऊन आले.

हे मुद्दाम सांगतोय. पुढे ज्या माणसानं सगळ्या जगाला जास्त जगण्याची आशा दाखवली, त्याला स्वतःला दोनदा जगणं नकोसं झालं होतं. त्यांच्या दीर्घायुष्याच्या हट्टामागे हे सगळं होतं, हे विसरून चालणार नाही.

गुलाबाचा काटा

१८८२ मध्ये त्यांनी ओडेसाची नोकरी सोडली आणि सिसिली बेटावरच्या मेसिना या गावी ते बिऱ्हाड घेऊन गेले. स्वतःचं मूल नव्हतं, पण ओल्गाच्या लहान भावंडांची जबाबदारी त्यांच्यावर होती. एक दिवस घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली. हे एकटे घरी, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. समोर तारामाशाची इवलीशी अळी. ती काचेसारखी पारदर्शक असते, त्यामुळे तिच्या पोटातल्या हलत्या पेशी दिसत होत्या.

बघता बघता त्यांच्या मनात आलं, की या हिंडणाऱ्या पेशी शरीराचे पहारेकरी तर नसतील? मग बाहेरून काही घुसलं तर त्या तिथे धावून जायला हव्यात. त्यांनी बागेतल्या गुलाबाचे बारीक काटे आणले आणि त्या अळ्यांच्या कातडीखाली टोचले. उत्सुकतेनं रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाहतात तर काट्याभोवती त्या पेशींनी गराडा घातलेला. आपल्या बोटात काटा गेला की दुसऱ्या दिवशी तिथे पू धरतो, तसाच हा प्रकार.

रोगजंतूंना गिळणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतात, ही कल्पना तिथे जन्मली. आज रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढल्या की डॉक्टर कुठे इन्फेक्शन आहे का बघतात. ते ज्ञान या काट्यापासून सुरू झालं. त्या काळी मात्र बऱ्याच शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. विशेषतः जर्मन मंडळींचं म्हणणं होतं, की रोगाशी लढतात ते रक्तातले विरघळलेले पदार्थ, पेशी नव्हेत. हा वाद वीस-पंचवीस वर्षं चालला. शेवटी दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. १९०८ चं नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि जर्मनीचे पॉल एर्लिख या दोघांना मिळून देण्यात आलं.

ओडेसा, पॅरिस आणि आपलं परळ

मधल्या काळात, १८८६ मध्ये, ओडेसात जिवाणूंच्या अभ्यासाचं आणि लसीकरणाचं केंद्र निघालं आणि मेचनिकॉव्ह त्याचे प्रमुख झाले. पण तिथे त्यांचं मन रमेना. डॉक्टर नसलेला माणूस प्रमुख कसा, म्हणून स्थानिक डॉक्टर नाराज. सहकाऱ्यांनी केलेल्या मेंढ्यांच्या लसीकरणात पुष्कळ मेंढ्या दगावल्या, तेव्हा टीका आणखी वाढली. १८८८ मध्ये ते पॅरिसला लुई पाश्चर यांना भेटले. पाश्चर यांची नवी संस्था तेव्हा उभी राहत होती. त्यांनी मेचनिकॉव्हना तिथे प्रयोगशाळा दिली, आणि पुढची अठ्ठावीस वर्षं, शेवटपर्यंत, ते तिथेच राहिले.

इथे आपल्याशी एक धागा जुळतो. ओडेसात मेचनिकॉव्हच्या हाताखाली शिकलेला एक ज्यू तरुण होता, वाल्डेमार हाफकिन. झारच्या राज्यात ज्यूंना वरच्या जागा मिळत नसत. गुरूच्या ओळखीनं तो पॅरिसच्या संस्थेत आला आणि ग्रंथालयातल्या साध्या कामापासून त्यानं सुरुवात केली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हाच हाफकिन इथे पाठवला गेला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या लहानशा जागेत त्यानं प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्याच्याच नावानं उभी आहे. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी तिथला साप बघायचा हट्ट धरला असेल, पण या इमारतीच्या नावामागचा गुरू मेचनिकॉव्ह, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

म्हातारपणाचा शोध

पन्नाशी उलटल्यावर मेचनिकॉव्ह म्हातारपणाकडे वळले. म्हातारपण हा एक प्रकारचा आजारच आहे, आणि त्याच्यावर उपाय सापडू शकतो, अशी त्यांची धारणा होती. वार्धक्याच्या अभ्यासाला आज जे शास्त्रीय नाव आहे, ते त्यांनीच रूढ केलं.

त्यांचा तर्क असा होता. मोठ्या आतड्यात अन्नाचा उरलेला चोथा पडून राहतो. तिथे कुजवणारे जिवाणू वाढतात आणि विषारी पदार्थ तयार करतात. ते रक्तात मिसळतात, शरीराच्या नाजूक पेशी दुबळ्या होतात, आणि मग त्या गिळणाऱ्या पेशी आपल्याच शरीरावर उलटतात. केस पांढरे होणं, स्मरणशक्ती कमी होणं, हे सगळं त्यातूनच. तेव्हा आतड्यातलं कुजणं थांबवलं तर म्हातारपण लांबेल.

कुजणं थांबवायचं कसं? उत्तर स्वयंपाकघरात होतं. दूध नुसतं ठेवलं तर नासतं, पण विरजण लावलं की टिकतं, कारण विरजणातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि कुजवणाऱ्यांना वाढू देत नाहीत. तेच जिवाणू पोटात सोडले तर? त्यातच बल्गेरियातले खेडूत आंबट दूध भरपूर खातात आणि त्यांच्यात शंभरी गाठलेले बरेच असतात, असं त्यांच्या वाचनात आलं. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरनं जिनिव्हात त्या दह्यातला लांबट जिवाणू शोधून काढला. मेचनिकॉव्हना हवा असलेला दुवा मिळाला.

ते स्वतः रोज असं आंबवलेलं दूध घेत. दारू, तंबाखू वर्ज्य. कच्चं काही खायचं नाही, सगळं उकळून.

१९०४ च्या जूनमध्ये पॅरिसमध्ये त्यांनी म्हातारपणावर जाहीर व्याख्यान दिलं. त्यात दह्याचा उल्लेख झाला, आणि वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. मग काय विचारता! पॅरिसच्या औषधांच्या दुकानांत दही विकायला आलं. युरोप-अमेरिकेत जिवाणूंच्या गोळ्या, पावडरी निघाल्या. लोक त्यांना पत्रं लिहून विचारायचे, की हे अमृत मिळतं कुठे. लंडनमध्ये तर एक नावाजलेले सर्जन, आतड्यातल्या विषाच्या कल्पनेनं भारून, बद्धकोष्ठाच्या रोग्यांचं मोठं आतडंच कापून काढायला लागले.

आता महत्त्वाची गोष्ट. या गोंधळात मेचनिकॉव्हनी स्वतः लिहून खुलासा केला होता. आंबट दुधातले जिवाणू हे काही अमृत किंवा म्हातारपणावरचं औषध म्हणून आपण पुढे करत नाही, आणि या प्रश्नाचं खरं उत्तर पुढच्या काळातच मिळेल, असा त्याचा आशय. पण जाहिरातीपुढे खुलासा कोण वाचतो? दही राहिलं, त्यांचं नाव राहिलं, आणि तो सावधपणा मात्र वाटेत कुठेतरी सांडला.

पहिल्या महायुद्धानं त्यांना फार दुःख झालं. प्रयोगशाळेतली तरुण मुलं सैन्यात गेली, कामं बंद पडली. हृदयविकार बळावला. शेवटचे महिने ते संस्थेतच, पाश्चर जिथे राहत त्या घरात होते. आपण गेल्यावर शवविच्छेदन करा आणि आतडी नीट तपासा, असं त्यांनी सहकाऱ्याला बजावून ठेवलं होतं. जुलै १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या अस्थींचा कलश आजही पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहे. शंभरी काही त्यांना गाठता आली नाही, म्हणून टीकाकारांनी चेष्टाही केली. पण ज्याचं हृदय तरुणपणापासून दुबळं होतं, त्यानं सत्तरी ओलांडली हेही काही कमी नाही.

त्यांचं काय खरं ठरलं, काय नाही

ते गेल्यावर काही वर्षांतच अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की तो बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात बिऱ्हाड करतच नाही. येतो आणि जातो. शंभरी गाठलेल्या खेडुतांचंही तसंच. आपल्याकडे पूर्वी आजोबांचं वय प्लेगच्या सालावरून ठरायचं, तशा गावात शंभर म्हणजे नक्की किती, हे कोण सांगणार? शिवाय दही खाणारा माणूस डोंगर चढत होता, शेतात राबत होता, त्याचं श्रेय एकट्या दह्याला कसं द्यायचं? आणि मोठं आतडं निरुपयोगी तर मुळीच नाही. तिथले आपले मूळचे जिवाणू चोथा आंबवून आतड्याच्या अस्तराला पोषण देतात.

पण मूळ कल्पना मेली नाही. पोटातले जिवाणू आणि तब्येत यांचा संबंध आहे, आणि खाण्यापिण्यानं त्यात फरक पडतो, हे त्यांनी सगळ्यांच्या आधी जोरात सांगितलं. आज मोजदाद झाली आहे, की माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे जवळपास आपल्या स्वतःच्या पेशींइतकेच. प्रोबायोटिक हा शब्द त्यांच्या हयातीत नव्हता. पुरेशा संख्येनं घेतल्यास फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा त्याचा आजचा अर्थ.

मग कॅप्सूलकडून अपेक्षा किती ठेवायची? अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये तोवरचे प्रयोग तपासून सांगितलं, की पोटाच्या बहुतेक तक्रारींसाठी प्रोबायोटिक घ्या असं म्हणण्याइतका पुरावा नाही. वारंवार पोट बिघडण्याचा जो आयबीएस म्हणतात त्यासाठीही नाही. मोजक्या ठिकाणी उपयोग दिसतो. अँटिबायोटिक चालू असताना होणारे काही प्रकारचे जुलाब टाळायला ठरावीक जातींचे जिवाणू मदत करतात. पण २०१८ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांना असंही दिसलं, की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे मूळचे जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. म्हणजे सरसकट सगळ्यांना चांगलं, असं हे प्रकरण नाही.

दुसरं, सगळे जिवाणू सारखे नसतात. एका जातीनं एका आजारात फायदा झाला म्हणून दुसरी जात दुसऱ्या आजारात चालेलच असं नाही. पट्टीवर नुसता कोटींचा आकडा मोठा आहे म्हणून औषध भारी, असंही नाही. आणि घेणं थांबवलं की हे पाहुणे बहुधा निघून जातात. निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही, पण ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे, केमो चालू आहे, किंवा बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं आहे, त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. लहान मुलाला जुलाब झाले तर आधी ओआरएस, मग बाकीचं.

माझंच सांगतो. गेल्या वर्षी माझं पोट सारखं बिघडायचं. मी मेडिकलमधून स्वतःच्या मनानं कॅप्सूल आणल्या आणि दोन महिने घेतल्या. फरक शून्य. शेवटी मुलीनं दटावलं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, की नवीन गोळी कोणती सुरू झाली? तर शुगरची गोळी. तिच्यामुळे बऱ्याच जणांचं पोट बिघडतं म्हणे. त्यांनी गोळीचा प्रकार बदलून दिला आणि पंधरा दिवसांत पोट ताळ्यावर आलं. माझ्या बाबतीत निभावलं. पण शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, वयाच्या पन्नाशीनंतर अचानक सवय बदलणं, रात्री पोटदुखीनं जाग येणं, अशा वेळी कॅप्सूलच्या भरवशावर महिने घालवले तर ते महागात पडू शकतं.

आणि काकूंच्या दह्याचं काय? तर काकू बऱ्याच अंशी बरोबर आहेत. घरचं ताजं दही, ताक हे उत्तम अन्न आहे. दुधानं ज्यांना गॅस होतो, त्यांनाही दही बहुधा पचतं. ते खुशाल खावं, पण औषध म्हणून नव्हे, जेवण म्हणून. कढी उकळली की त्यातले जिवाणू मरतात, तरी कढी चांगलीच लागते, ती सोडू नका. आपल्या पोटातल्या मूळ रहिवाशांना पोसायचं तर त्यांचं खाणं म्हणजे चोथा. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, फळं. जोडीला पाणी आणि आपल्या बागेला चार फेऱ्या.

रोज संध्याकाळी मी ताकाचा पेला घेतो तेव्हा मला पॅरिसमधले ते दाढीवाले प्राध्यापक आठवतात. त्यांच्याइतकी आशा ठेवावी, आणि त्यांच्याच खुलाशाइतका सावधपणाही ठेवावा. रविवारी कट्ट्यावर भेटूच. येताना ज्यांच्याकडे पट्ट्या आहेत त्यांनी घेऊन या, कुणी कशासाठी दिल्या ते बघू, आणि ज्यांना कुणीच दिलेल्या नाहीत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारू.



— बी विंगमधील एक निवृत्त शिक्षक